फैजपूर पट्ट्यात जुना वाडा भाड्याने घेतोय, काय काय बघू?

परतीचा_प्रवासी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आई-वडील (७१ आणि ७६) पुण्यात आता रमत नाहीत. गावचं घर काकांच्या वाटणीला गेलं आणि पाडून तिथे स्लॅबचं झालं. वडिलांचं म्हणणं एकच, की 'आपल्याकडे' राहायचंय. माझं काम घरूनच चालतं, तेव्हा मीही जाणार. बायकोची शाळा आणि मुलीचं कॉलेज पुण्यात, त्या सुट्टीत येतील.

फैजपूर-सावदा रस्त्यापासून थोडं आत एका गावात वाडा मिळतोय. पुढे ओटा, मोठा दरवाजा, आत चौक, तीन बाजूंनी ओसरी, खाली-वर मिळून नऊ खोल्या. मागे परस, रिकामा गोठा, एक आड. पुढचा भाग पत्र्याचा, मागचा धाब्याचा. भाडं नऊ हजार, अनामत पन्नास हजार. मालक आबा म्हणून आहेत, माणूस अतिशय गोड. डिसेंबरात सकाळी दोन तास बघून आलो, चहा-पोहे झाले. तेव्हापासून मी घराबद्दल बोलायला लागलो की बायको हसते, म्हणून इथे विचारतोय. तुम्ही असता तर काय बघितलं असतं?

शेवभाजी_जिंदाबाद
नऊ हजारात पुण्यात दुचाकी लावायला जागा मिळेल. घेऊन टाका.

तापीकाठ
डिसेंबरात सकाळी आमच्याकडचं स्मशानसुद्धा छान वाटतं हो. घर बघायचं तर मे महिन्यात, दुपारी तीन वाजता. भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला तर आमच्याकडे ती बातमी नसते. पत्र्याखालच्या खोल्यांत तेव्हा माणूस बसत नाही, पापड वाळतात. नऊ खोल्यांपैकी धाब्याखाली किती ते मोजा. तेवढंच घर तुम्ही भाड्याने घेताय, बाकीचं चार महिने गोदाम.

वाडेवाली_सून
बावीस वर्षं धाब्याच्या घरात काढली आहेत, तेव्हा माझं ऐकाच.

धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. खाली सागाचे सर म्हणजे तुळया, त्यावर कड्या, त्यावर किलचण म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, मग पाला, मग माती आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे पांढरी खारट माती. ही खारी दर वर्षी पावसाच्या आधी पसरावी लागते. तिच्यात क्षार असतो, त्याने माती ओली झाली की घट्ट बसते आणि पाणी आत न जिरता पन्हाळीकडे पळतं. एक उन्हाळा खारी चुकली की आषाढात रात्री दोनला तोंडावर थेंब पडतो. तो नुसता पाण्याचा नसतो, चहाच्या रंगाचा असतो आणि गोधडीवरचा डाग जन्मात जात नाही. माझ्या लग्नातल्या शालूवर एक आहे.

तर टॉर्च घेऊन जा आणि किलचणावर मारा. फिकट गोल डाग, भिंतीवरून खाली उतरलेले मातकट ओघळ दिसले तर छत गळतं. चुना नुकताच मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या. आमच्याकडे चुना दिवाळीला मारतात, भाडेकरू बघायला येणार म्हणून नाही.

दुसरं, दर वर्षी नवी खारी पडते आणि जुनी कोणी काढत नाही. पन्नास वर्षांत छताचं वजन किती होत असेल विचार करा. सराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. मध्ये झोल दिसला तर त्या खोलीत झोपू नका. सासऱ्यांनी एका सराला टेकू दिला होता तीन महिन्यांसाठी, त्याला आता अठरा वर्षं झाली, आम्ही त्याला कॅलेंडर टांगतो.

आणि खारी कोण टाकणार, मालक की तुम्ही? हे आत्ताच बोला. ते काम जाणणारी माणसं आमच्या गावात दोन उरली आहेत आणि दोघंही साठीचे आहेत.

मृदुला_नाशिक
@वाडेवाली_सून, धाब्यावर सरळ प्लॅस्टिकचा मोठा कागद किंवा ताडपत्री टाकली तर? दर वर्षीची कटकट जाईल.

वाडेवाली_सून
टाकतात की. पहिलं वर्ष छान जातं. मग खालची वाफ अडकते, पाला कुजतो आणि उधई लागते. जुन्या सागाला सहसा काही होत नाही, पण दुरुस्तीत घुसडलेल्या निंबा-बाभळीच्या कड्या भुगा होतात. धाब्याला हवा लागते, माणसासारखी.

अहिरानी_गडी
घर मंग दखजो भाऊ, पह्यले पानी दख!

केळीचं_पान
गडीभाऊ, सल्ला सोळा आणे, पण फैजपुरात अहिराणी नाही चालत. तिथे लेवा गणबोली. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांच्या ओव्यांची बोली ती.

अहिरानी_गडी
पानी दोन्ही बोलीमा पानीच शे ना भो!

भूजल_वाला
गडीभाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या बाबतीत वर्षानुवर्षं अतिशोषित म्हणून गणले गेलेत. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा आहे, पावसाचं पाणी तिथे झपाट्याने मुरतं आणि पूर्वी त्याच्या जीवावर पायथ्याच्या विहिरी तुडुंब असायच्या. मग केळी आली. केळीला बारा महिने पाणी लागतं. ठिबक आलं तेव्हा वाटलं उपसा कमी होईल, झालं असं की वाचलेल्या पाण्यावर लोकांनी आणखी केळी लावली. विहिरी आटल्या, बोअर शेकडो फूट खाली गेले.

तेव्हा परसातल्या आडावर भाळू नका. दगड टाकून बघा, आवाज कोरडा आला तर तो आड फक्त फोटोसाठी. नळाचं पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं आणि किती वेळ येतं हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तीन वेगळ्या घरी विचारा. मालकाला विचारू नका. टाकी किती लिटरची ते बघा. आणि क्षार मोजायचं छोटं यंत्र बाजारात स्वस्तात मिळतं, ते न्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, असं भारतीय मानक सांगतं. बोअरचं पाणी जड असेल तर कूलरच्या जाळ्या एका उन्हाळ्यात दगड होतात. तुमच्या आईची डाळसुद्धा शिजणार नाही, आणि घरात खरी भांडणं तिथून सुरू होतात.

शेवभाजी_जिंदाबाद
थोडक्यात, वाडा भाड्याने घेण्याआधी भूगर्भशास्त्रात पदवी घ्या.

ओळंबा
स्थापत्यवाला आहे, दोन पैसे माझेही.

आपल्याकडे जुने लोक म्हणायचे गाव पांढरीत, शेत काळीत. त्यात मोठं शहाणपण आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेच पायाखाली चालू असतं. म्हणून गावाबाहेरच्या प्लॉट भागातले नवे बंगले पाचव्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडकतात, आणि गावठाणातला दीडशे वर्षांचा वाडा ढिम्म उभा असतो. गावठाणात आहात ही चांगली गोष्ट.

पण मातीच्या भिंतीला कोणी सिमेंटचा गिलावा केलाय का ते बघा. बोटाच्या पेराने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर आत ओल अडकून माती सुटलेली आहे आणि सिमेंटचा पापुद्रा नुसता लाजेखातर उभा आहे. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत पांढरं मिठासारखं फुललेलं दिसेल, तीही तीच खूण. भेग दिसली तर तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवा, तारीख घाला, पुढच्या खेपेला बघा. फाटली असेल तर भेग जिवंत आहे.

निखिल_भुसावळ
कोणी नेटवर्कबद्दल बोललंच नाही! घरून काम म्हणताय ना? दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंतीत फोन म्हणजे आरसा. मी लॉकडाऊनमध्ये आजोळी सात महिने काम केलं, सगळ्या मीटिंगा ओट्यावर बसून. मागून म्हशी जायच्या. साहेब म्हणायचे बॅकग्राउंड छान लावलंय.

फायबर कुठपर्यंत आलंय ते विचारा. आणि वीज गावठाण फीडरवर आहे का तेही. शेतीचा फीडर वेगळा असतो, त्याला दिवसात मोजकेच तास थ्री फेज मिळते. परसातला मीटर कधीकाळी गोठ्याच्या मोटरसाठी घेतलेला निघाला तर तुमचं काम म्हशींच्या वेळापत्रकावर.

डॉक्टरीणबाई
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. सगळे सर-कड्या मोजताहेत. ७६ वर्षांच्या माणसाला रात्री तीन वाजता लघवीला जायचंय. संडास कुठे आहे? परसात असेल तर वाटेत किती उंबरे, किती पायऱ्या, दिवा कुठे? जुन्या वाड्यांचे उंबरे टिचभर नसतात, वीतभर असतात. मांडीचं हाड मोडलेले किती पेशंट 'घरातच पडले' म्हणून येतात ते मला विचारा.

आणि छातीत दुखलं तर? भुसावळ वीस-पंचवीस किलोमीटर, जळगाव त्याच्या दुप्पट. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता केळीच्या ट्रकांनी भरलेला असतो, त्यात रात्रीची गाडी कोण चालवणार? एकदा स्वतः रात्री घरापासून दवाखान्यापर्यंत गाडी चालवून बघा, घड्याळ लावून. जमलं तर घ्या. मला विचाराल तर दोन म्हाताऱ्या माणसांना नऊ खोल्या नकोत, फैजपूरमध्येच दवाखान्याजवळ तळमजल्याचं दोन खोल्यांचं घर हवं.

तापीकाठ
डॉक्टरीणबाईंशी असहमत. म्हणजे संडासाबद्दल सहमत, दोन खोल्यांबद्दल असहमत. माझ्या वडिलांना जळगावात दवाखान्यासमोर ठेवलं होतं. तीन वर्षं खिडकीतून दवाखानाच बघत बसले. गावी नेलं तर ओट्यावर चार माणसं भेटली, गडी बोलायला लागला.

डॉक्टरीणबाई
मान्य. पण ओट्याला कठडा लावा.

केळीचं_पान
ओट्यावरून आठवलं. तो ओटा तुमचा नाही हे आधीच समजून घ्या. भाडं तुम्ही द्याल, पण संध्याकाळी पाचला गल्लीतले सहा आबा-अण्णा येऊन बसणार, ते तिथे चाळीस वर्षं बसताहेत. मी धुळ्याकडे एक घर घेतलं होतं, ओट्यावर कुंड्या मांडल्या. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कुंड्या नीट ओळीने खाली उतरवून ठेवलेल्या होत्या आणि वर मंडळी तंबाखू मळत होती. कुंड्यांना पाणीही घातलेलं होतं हो!

वाचक_एक
मालकांनी वाड्याचा इतिहास सांगितला का? फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. तेव्हापासून त्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक ओट्यावर नेहरू बसून गेलेत. आम्ही एक घर बघायला गेलो तर मालकाने नेहरू बसले ती जागा दाखवली आणि भाडं हजाराने वाढवलं. शेजारच्या घरात गेलो, तिथेही नेहरूच!

परतीचा_प्रवासी
हाहा, आमच्या आबांनी नेहरू नाही, गांधीजी सांगितले. अधिवेशनाला तेही होते म्हणे.

सगळ्यांचे आभार. काल परत जाऊन आलो. मालकांना न सांगता दुपारी पोचलो, मग सांगितलं. हिशोब असा:

धाब्याखाली चार खोल्या. टॉर्च मारला, एका खोलीत डाग आहेत, बाकी कोरड्या. दोरी ताणली तेव्हा आबा बाजूला उभे राहून बघत होते, मग म्हणाले, "इंजिनियर का?" म्हटलं नाही, सून आहे एक, तिने सांगितलंय. सर सरळ आहेत. गिलावा फक्त ओसरीला सिमेंटचा, तिथे आवाज पोकळ. एका भेगेवर पट्टी चिकटवून आलोय. आड कोरडा (दगड टाकला तर आतून कबुतर उडालं). पाणी तीन दिवसाआड, पहाटे साडेपाचला, पाऊण तास. तीन घरी विचारलं, तिन्हींकडे हेच उत्तर. नळाचं मोजलं तर ६१०, गल्लीतल्या बोअरचं १४००. संडास परसात, मध्ये तीन उंबरे. चौकाला लागून नवीन बांधायला आबा तयार आहेत, अर्धा खर्च माझा. रात्री भुसावळला गाडी चालवली, पंचेचाळीस मिनिटं लागली. दोन ठिकाणी ट्रकमागे अडकलो.

पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. शेजारच्या काकूंनी पाणी देता देता विचारलं, "सुरतवाल्यांना माहीत आहे का?" वाडा चार भावांचा आहे. आबा दुसरे. थोरले वारले, तिसरे सुरतला, चौथे नाशिकला. आबांनी मला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

शेवभाजी_जिंदाबाद
शेवटी माशी शिंकली ती इथे.

एक_सुरतकर
सुरतवाल्यांना माहीत नसणार. सुरतच्या उधना भागात राहणारा प्रत्येक खानदेशी माणूस गावच्या वाड्यात आपला एक कोपरा राखून असतो. मीही आहे. वर्षातून एकदा जातो, पण त्या कोपऱ्यात कोणी खाट टाकली तर मला इथे झोप येत नाही.

कागदपत्र
वकील नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर पंधरा वर्षं हेच काम करतोय.

ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा घ्या. त्यात घर कोणाच्या नावावर आकारलंय ते दिसेल. लक्षात ठेवा, तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. पण नावं कळतात आणि पट्टी थकली असेल तर तेही कळतं. गावात स्वामित्व योजनेतलं ड्रोनचं मोजमाप झालं असेल तर मालमत्ता पत्रकही मागा.

वाटणी झालेली नसेल तर करारावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, थोरल्या भावाच्या वारसांसह. नाहीतर उद्या सुरतवाले म्हणतील आम्ही दिलंच नाही. निदान आबांच्या नावे बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र हवं. नुसत्या स्टॅम्पवर नोटरी करून 'अकरा महिने' लिहिण्याची गावाकडे फार हौस, ते करू नका. लिव्ह अँड लायसन्स नोंदवून घ्या, ऑनलाइन होतो, बोटाचे ठसे लागतात. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. अनामत बिनव्याजी असेल तर तिच्यावरचं गृहीत व्याजही त्यात धरतात. संडासाचा अर्धा खर्च तुम्ही करणार असाल तर तो भाड्यातून वळता होणार की नाही, तेही लिहा. तोंडी अर्धा खर्च म्हणजे पूर्ण खर्च.

अवंती_क
अवांतर: हिवाळा संपायच्या आत कोणी बामणोदच्या वांग्यांचं भरीत खाल्लं का? जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पुण्यात त्या नावाखाली काहीही विकतात.

तापीकाठ
गॅसवर भाजलेलं भरीत आम्ही भरीत धरत नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचायचं, सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद दळून.

अवंती_क
दळताना प्रमाण काय?

वाडेवाली_सून
प्रमाण सासूला माहीत असतं आणि ती सांगत नाही. धागाकर्त्याचं घर राहिलं बाजूला. @परतीचा_प्रवासी, एक विचारायचं राहिलं. माडीवरची देवाची खोली बंद आहे का? कुलूप आहे का तिला?

परतीचा_प्रवासी
हो! तुम्हाला कसं कळलं? आबा म्हणाले तिथे जुनं सामान आहे.

वाडेवाली_सून
सामान नाही, कानबाई, आपली खानदेशातली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. मुळच्या वाड्यात बसत असेल तर चारही घरची माणसं सुना-नातवंडांसह तिथेच येणार. नैवेद्याचे रोट त्याच घरात होणार आणि सोमवारी मिरवत नदीवर नेणार. चाळीस-पन्नास माणसं, दोन-तीन रात्री. तुमच्या लॅपटॉपशेजारी कणकेची परात असेल. याबद्दल कोणी अक्षर बोललं का?

निखिल_भुसावळ
बॅकग्राउंड छान लावलंय.

परतीचा_प्रवासी
मधे महिनाभर गायब होतो. सांगायला आलोय.

आबांना सरळ विचारलं. आधी रागावले, मग गप्प बसले, मग म्हणाले, "वाडा रिकामा ठेवला तर पडंल. भावांना विचारलं तर कोणी हो म्हणत नाही, कोणी नाही म्हणत नाही." सुरतचे काका फोनवर आले ते पहिली दहा मिनिटं भाड्याबद्दल नाही, परसातल्या निंबाबद्दल बोलत होते. तो तोडणार नाही ना, एवढं तीनदा विचारलं. नाशिकवाल्यांनी कुलमुखत्यारपत्र पाठवलं. थोरल्यांच्या वहिनी गावातच असतात, त्यांनी सही करायच्या आधी माझ्या आईला भेटायचंय असं सांगितलं.

करार तीन वर्षांचा, नोंदवून. भाडं चार हिश्श्यांत जाणार. खारी मालकांकडे, पत्र्याखाली कूलरचा खर्च माझा. संडास चौकाला लागून बांधून झाला, पायरी एक, त्याचे पैसे भाड्यातून वळते. ओट्याला एका बाजूने कठडा. दुसरी बाजू मंडळींनी मोकळी ठेवायला सांगितली, बसताना पाठीला टोचतो म्हणून. भेगेवरची पट्टी शाबूत आहे. पिण्याचं पाणी नळाचं, बोअर फक्त धुण्याला. फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत आलंय, शंभर फूट वायर मी ओढली.

कानबाईचे तीन दिवस करारात लिहिलेत. कार्यालयातल्या माणसाने दोनदा वाचलं आणि विचारलं, हे कलम कशात बसवू? शेवटी 'इतर अटी'त बसलं. वहिनी आईला भेटल्या. दोघी तासभर ओसरीवर बसल्या होत्या, काय बोलल्या माहीत नाही. निघताना आईने एवढंच विचारलं, रोटाचं दळण जात्यावर करता की चक्कीवर.

वाडेवाली_सून
काय म्हणाल्या त्या?

परतीचा_प्रवासी
चक्कीवर. आई म्हणाली, मग यंदा मी येते मदतीला, गोठ्यात जातं पडलंय.

डॉक्टरीणबाई
जातं ओढायच्या आधी त्यांचे गुडघे मला दाखवा.

अवंती_क
आणि कळण्याचं प्रमाण विचारून ठेवा त्यांना!